फटफटीची शुश्रूषा

ज्यांचें आयुष्य पुस्तकें वाचण्यांत व उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें, त्यांच्या हाताला यंत्राचें तेल लागूं नये, असा एक अलिखित संकेत आमच्या सुशिक्षित समाजांत रूढ आहे. प्राध्यापकानें बागकाम केलें तर त्याला रसिक म्हणतात, सतार छेडली तर बहुश्रुत म्हणतात. पण त्यानें अंगणांत पोतें पसरून त्यावर मोटारसायकलचें इंजिन सोडविलें, कीं शेजारी हळूच विचारतात, ‘सर, मिस्त्री मिळाला नाहीं का?’ या प्रश्नांत सहानुभूति असते आणि थोडी कींवही असते. गेलीं वीस-बावीस वर्षें हा प्रश्न आम्हांला विचारला जात आहे. आणि मिस्त्री मिळतो, उत्तम मिळतो, हें खरें उत्तर आम्ही दर वेळीं देत आलों आहों. त्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं.

आमची गाडी १९७८ सालची, एनफील्ड इंडिया कंपनीची बुलेट. तिला साडेतीनशेंची म्हणतात. परंतु सत्तर मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यांत दट्ट्या नव्वद मिलिमीटर खालीं-वर होतो, त्याचें गणित केलें तर ३४६ घन सेंटीमीटरच भरतात. उरलेले चार हा व्यापाऱ्यांच्या उदारपणाचा भाग समजावा. या गाडीचें कुळ इंग्लंडांतील रेडिच गांवचें. १९५५ सालीं मद्रासेस भागीदारीची कंपनी निघून तिचा येथें संसार सुरू झाला. मूळ इंग्रज कंपनी १९७० च्या सुमारास मावळली. येथें मात्र तेंच ओतीव लोखंडी नळकांड्याचें इंजिन पुढें जवळजवळ चाळीस वर्षें निघत राहिलें. इंग्रजीचे अध्यापक या नात्यानें आम्हांला यांत नवल वाटत नाहीं. साहेबाच्या देशांत केव्हांच लयाला गेलेले वाक्प्रचार आमच्या कचेऱ्यांच्या पत्रव्यवहारांत आजही ठणठणीत आहेत.

गाडी घेतली आमच्या वडिलांनीं. ते तारापूरच्या अणुवीजकेंद्रांत हिशेबनीस होते. देशांतील हें पहिलें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. आमचा जन्मही त्याच वर्षींचा, त्यामुळें वडील आम्हां दोघांचीं वयें एकदमच सांगत. दांडींत त्या वेळीं या गाडीला मोटारसायकल कोणी म्हणत नसे. ती फटफटी होती. आवाजावरून पडलेलीं नांवें सहसा चुकत नाहींत. संध्याकाळीं वेशीकडून तो संथ, तुटक, भरदार आवाज आला कीं आई चुलीवर चहाचें आधण ठेवी, आणि गाडी अंगणांत शिरेपर्यंत पाणी उकळलेलें असे. २००३ सालीं वडील गेले. गाडी आमच्याकडे आली, ती अर्थातच तिच्या सर्व दुखण्यांसह.

या दुखण्यांचें मूळ समुद्र होय. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना जुन्या गाडीचें जें कौतुक वाटतें, तें बहुधा कोरड्या हवेंतलें असतें. दांडीस समुद्र दाराशीं आहे, खाडी पाठीशीं आहे, आणि मीठ सर्वत्र आहे. तें वाऱ्याबरोबर येऊन डोळ्यांना दिसणार नाहीं अशा पातळ थरानें लोखंडावर बसतें. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली, कीं तें हवेंतून आपण होऊन पाणी ओढून घेतें. मग पावसाचा थेंब पडो अथवा न पडो, गाडी खाऱ्या पाण्यांत उभीच असते. लोखंडावर तांबडा गंज चढतो, अल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. सर्वांत वाईट अवस्था या दोन धातूंच्या सांध्यांत होते. पोलादी स्क्रू अल्युमिनियमच्या आवरणांत वर्ष-दोन वर्षें स्वस्थ बसला, कीं दोहोंमध्यें खाऱ्या ओलाव्याच्या मदतीनें विजेचा सूक्ष्म व्यवहार सुरू होतो आणि स्क्रू आंत असा रुततो, कीं त्याचें डोकें तुटेल पण तो फिरणार नाहीं. म्हणून आमच्या घरीं कांहीं नियम आहेत. गाडी कोरड्या फडक्यानें कधीं पुसावयाची नाहीं, कारण तसें केल्यानें मीठ रंगावर घासलें जातें. आधीं विहिरीचें गोडें पाणी, मग फडकें. प्रत्येक स्क्रूला बसवितांना ग्रीसचें बोट लावावयाचें. सुटे भाग रॉकेलच्या डब्यांत भिजत घालावयाचे, आणि तो डबा स्वयंपाकघरापासून बारा हात दूर ठेवावयाचा. हा शेवटचा नियम आमच्या सौभाग्यवतींनीं घालून दिलेला असून त्याला अपवाद नाहीं.

मोठें काम आम्ही पावसाळ्यांतच काढतों. १ जून ते ३१ जुलै या काळांत सरकारी मनाईमुळें मासेमारी बंद असते. गांवांतील होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. लांकडी होडीच्या फळ्यांच्या सांधींत कापूस व राळ भरणें, इंजिनें उतरविणें, जाळीं विणणें हीं कामें घरोघर चाललेलीं असतात. महाविद्यालयालाही त्या सुमारास थोडी उसंत असते. अशा दिवसांत ज्याच्या अंगणांत कांहींच उघडें पडलेलें नाहीं, तो मनुष्य गांवाला थोडा आळशी वाटतो. एरवीं आमच्याकडे कींव करून पाहणारे लोक जूनमध्यें आम्हांला पाना उसना मागतात.

आमचे मिस्त्री बोईसरचे. तारापूरची औद्योगिक वसाहत वाढत होती त्या दिवसांत ते कोठून तरी आले, स्टेशनाजवळ पत्र्याचें छप्पर घातलें आणि तेथेंच म्हातारे झाले. आज त्यांच्या एका डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि उजवा हात कांपतो. परंतु कान शाबूत आहेत. इंजिनाची ठिणगी नेमक्या क्षणीं पडावी यासाठीं ‘पॉइंट’ नांवाची एक इवलीशी जोडी असते. ती उघडतांच ठिणगी उडते. उघडल्यावर तिच्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट असावी असें कंपनीचें पुस्तक सांगतें. पण किती फट याइतकाच केव्हां उघडावी हाही प्रश्न असतो, आणि दट्ट्या माथ्याला पोंचण्याच्या किंचित् आधींचा तो क्षण डोळ्यांना दिसत नाहीं. मिस्त्री सिगारेटच्या वेष्टनांतील पातळ कागद त्या जोडींत धरीत, चाक अगदीं सावकाश फिरवीत आणि कागद हलकेच ओढीत राहत. कागद जेथें सुटला तेथें पॉइंट उघडला. ही विद्या त्यांनीं आम्हांला दोन पावसाळे शिकविली. पहिल्या पावसाळ्यांत आम्ही कागद ओढीत होतों. दुसऱ्यांत, त्यांच्या शब्दांत सांगावयाचें तर, ‘कागदाला विचारूं’ लागलों. अलीकडे ते स्टुलावर बसून असतात, काम आम्ही करतों, आणि इंजिन सुरू झालें कीं ते डोळे मिटून म्हणतात, ‘सर, अजून केसभर मागें.’ त्यांच्या तीन मुलांपैकीं एकानेंही हा धंदा घेतला नाहीं. कारखान्यांत पगार पहिल्या तारखेस होतो, हें त्यांचें कारण आम्हांला नाकारतां येत नाहीं.

रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाचें मोटारसायकलच्या देखभालीवरून तत्त्वज्ञानांत शिरणारें पुस्तक १९७४ सालीं निघालें व फार गाजलें. आमचे सहकारी आम्हांला भेटले कीं त्याचा उल्लेख करतात. आम्हीं तें दोनदां वाचलें आहे, आणि लेखकाविषयीं पूर्ण आदर बाळगूनही आमचें मत असें, कीं गंजलेला स्क्रू हातांत असतांना तत्त्वज्ञान सुचत नाहीं, शिव्या सुचतात. तीन पावसाळ्यांपूर्वीं पॉइंटच्या झांकणाचा एक स्क्रू असाच अडला होता. आमच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी, गांवांतल्याच मांगेला घरची, पुस्तक परत करावयास आली होती. तिच्या वडिलांची होडी आहे. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, ‘सर, उकळतें पाणी आणूं का?’ आम्हांला वाटलें, चहाविषयीं बोलते आहे. तिनें उकळत्या पाण्यांत फडकें बुडवून चिमट्यानें तें झांकणावर चार-पांच वेळां ठेवलें आणि स्क्रू फिरविला, तो फिरला. अल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, तेव्हां तापलेलें भोंक स्क्रूला सैल पडतें, हें पदार्थविज्ञान आम्हांलाही ठाऊक होतें. तें हातापर्यंत आलेलें नव्हतें, इतकेंच. तिचें कौतुक केलें तर ती म्हणाली, ‘आमच्या होडीच्या इंजिनाला ठिणगीच लागत नाहीं, डिझेल दाबानेंच पेटतें. पण स्क्रू सगळीकडे सारखाच. आणि समुद्रांत तो अडला तर उद्यां पाहूं असें म्हणतां येत नाहीं ना, सर.’ आमच्या छंदाची याहून नेमकी समीक्षा कोणी केलेली नाहीं. त्या दिवसापासून ती दर जूनमध्यें चार दिवस येते. सिगारेटचा कागद आतां तिच्याही हातीं दिला आहे.

गाडी विकून टाकावी असें आमच्या चिरंजीवांचें मत आहे. ते पुण्यास असतात व त्यांचे मुद्दे बिनतोड असतात. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणी नवी करावी लागते. त्या कामाचे तीनशें रुपये होते, ते २०२२ च्या एप्रिलांत हजार झाले, आणि वीस वर्षांहून जुन्या दुचाकीसाठीं २०२५ सालीं दोन हजार. पेट्रोलांत त्याच वर्षीं शेंकडा २० इथेनॉल आलें. तें हवेंतलें पाणी शोषून घेतें, टाकी आंतून गंजवितें आणि जुन्या रबराला फुगवितें. उसाच्या शेतकऱ्याचें त्यांत हित असेल तर आमची तक्रार नाहीं. कार्ब्युरेटरचीं रबरें आम्हीं बदललीं आहेत आणि गाडी उभी राहणार असेल तेव्हां टाकी रिकामी करतों. जुन्या गाड्यांना हल्लीं किंमतही फार येते. मुंबईच्या एका गृहस्थांनीं ती पाहून, नवा रंग व चकचकीत मुलामा देऊन दिवाणखान्यांत ठेवण्याची इच्छा प्रगट केली. यंत्राला मखरांत बसविणाऱ्या या लोकांविषयीं आमचें मत चांगलें नाहीं. त्यापेक्षां भंगारवाला प्रामाणिक.

चिरंजीवांच्या मुद्द्यांना आमच्याजवळ एकच उत्तर आहे, आणि तें आम्ही त्यांना पत्रांत लिहिलेलें नाहीं. आमच्या आईचें वय आज शहाऐंशी आहे. गेल्या तीन-चार वर्षांत तिची स्मृति हळूहळू ओसरली. सुनेला ती कधीं शेजारीण समजते. आम्हांला बहुधा परका सभ्य मनुष्य समजून अहोजाहो करते. परंतु संध्याकाळीं बोईसरहून येतांना वेशीवर गाडीचा आवाज झाला, कीं ती उठते, पदर सांवरते, ‘आले’ असें म्हणते आणि स्वयंपाकघराकडे जाते. आधण ठेवण्याचें काम सौभाग्यवती पुढें होऊन करतात. कपबशी मात्र आई स्वतः काढते. आम्ही अंगणांत येईपर्यंत तिची ती जाग बहुतेक विझलेली असते. कधीं विझलेली नसते. मग ती आमच्याकडे पाहून किंचित् गोंधळते आणि कपबशी पुढें करते.

हें योग्य कीं अयोग्य, याविषयीं आमच्या घरांत एकमत नाहीं. मेलेल्या माणसाची चाहूल रोज संध्याकाळीं एका वृद्ध स्त्रीला ऐकविणें हा क्रूरपणा आहे, असें आम्हांला कांहीं रात्रीं वाटतें. सौभाग्यवतींना तसें वाटत नाहीं. दिवसांतून एकदां तरी त्या आपण होऊन उठतात, एवढेंच त्या पाहतात. गेल्या वर्षीं पॉइंट झिजून ठिणगी उशिरां पडूं लागली होती. आवाज थोडा पोकळ, थोडा रेंगाळलेला येई. वाटेनें जाणाऱ्याला तो फरक कळलाही नसता. त्या आठवड्यांत आई उठली नाहीं. ‘कोण आलें?’ असें तिनें विचारलें. मिस्त्रींना आम्हीं हें सांगितलें, तेव्हां ते आपण होऊन रिक्षानें दांडीस आले, स्टुलावर बसले, आणि दिवस मावळेपर्यंत आम्हांकडून केसभर पुढें, केसभर मागें करवीत राहिले. पॉइंट काढून टाकून त्या जागीं इलेक्ट्रॉनिक जोडणी बसविण्याचा सल्ला आम्हांला पुष्कळांनीं दिला होता. मिस्त्रींनीं तो विषय त्यानंतर काढला नाहीं.

आतां नळकांडें झिजलें आहे. तेल जळतें, धूर निळा येतो. तें पुन्हां कातून मोठा दट्ट्या घालावा लागेल. लोखंडाची जाडी पाहतां असें आणखी एकदांच करतां येईल, त्यानंतर नाहीं, असें मिस्त्री म्हणतात. कातकाम बोईसरला होईल, बाकीचें अंगणांत. गाडी तीन आठवडे तरी उघडी राहील, आणि पुढें काही शें किलोमीटरपर्यंत नव्या दट्ट्याचा आवाज कसा असेल, तें तेही सांगूं शकत नाहींत. दट्ट्या मुंबईहून आणून ठेवला आहे. तो तेलाच्या कागदांत गुंडाळून कपाटांत शेक्सपिअरच्या मागें आहे. काम या जूनमध्यें काढावें, कीं आईची प्रकृति पाहून आणखी एक वर्ष निळ्या धुरावर काढावें, हें ठरविण्यासाठीं मिस्त्री रविवारीं येणार आहेत.