आईची वही

गेल्या पोळ्यास आम्ही सौंसर तालुक्यातील आमच्या जन्मघरी दोन दिवस राहून आलो. आईच्या पश्चात सर्व भावंडे एकत्र जमण्याची ही पहिलीच वेळ होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार चालली होती आणि इकडे आमच्या ओसरीवर, दगडांवाचून, एक निराळाच तंटा उभा राहिला. निमित्त झाले आईच्या वहीचे.

आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत असे. संत्र्याचा आंबिया बहार कोणत्या साली गळाला, मृग बहार कोणत्या साली टिकला, कोणाकडून किती पैसे उसने आणले, गोटमारीत कोणाच्या डोक्याला टाके पडले, कोणते नातवंड प्रथम कधी चालले, हे सारे तीत आहे. आमच्या भागातील बहुतेक मुले शाळेत हिंदीतून शिकतात; घरची मराठी बोलण्यात राहते, कागदावर फारशी उतरत नाही. म्हणून ही वही आम्हां सर्वांस मोठी मोलाची वाटते.

धाकटा भाऊ नागपुरास नोकरीला आहे. तो म्हणाला, “दादा, वहीच्या पानापानाचा फोटो काढून आपण ती इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवू. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला. इथली माणसे कशी जगली, हे लोकांना कळू दे.” थोरली वहिनी म्हणाली, “घरातले घरातच बरे. नातलगांपुरते ठेवा.” दोघांचेही म्हणणे आम्हांस पटत होते. बहीण मात्र गप्प होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “दादा, त्यातले एक पान मायचे नाही, माझे आहे.”

ते पान कोणते हे आम्ही जाणून होतो. ज्या साली बहीण सासर सोडून लहान मुलीसह माहेरी आली, त्या सालचे ते पान. आईने कारणांसह आणि नावांसह सारे लिहिले आहे.

येथे आम्हांस आमचा स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो, तेव्हा एका रविवारी प्रवचनात क्षमेचा दाखला म्हणून आम्ही बहिणीचीच हकिकत सांगितली. नाव घेतले नाही, म्हणून आपण निर्दोष आहोत असे आम्हांस वाटले. परंतु गावाला नावाची गरज नव्हती. बहीण तिसऱ्या बाकावर बसली होती. त्यानंतर वर्षभर ती त्या देवळात आली नाही. पापनिवेदनात ऐकलेला एक शब्दही बाहेर जाऊ न देण्याची शिकवण घेतलेले आम्ही, घरात ऐकलेले मात्र व्यासपीठावरून बोलून गेलो. क्षमा मागितली, ती फार उशिरा.

यावर कोणी म्हणेल, मग घरच्या गोष्टी लिहूच नयेत काय? तसे असते तर मराठी भाषा एका थोर ग्रंथास मुकली असती. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांचे चरित्र लिहावे म्हणून पुत्र देवदत्त यांनी आईकडे आठवणी मागितल्या. घरच्या कामासाठी लिहिलेले ते टिपण वाढत गेले आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ या नावाने छापून निघाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीचा संताप, घरातील चणचण, १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यानंतरची ताटातूट, काहीही झाकून ठेवले नाही. तरी वाचणाऱ्यास संकोच वाटत नाही. याचे कारण आमच्या मते असे, की त्या स्वतःची जखम स्वतःच्या हाताने उघडतात, आणि हसू आलेच तर आधी स्वतःलाच हसतात. त्यांचीच हकिकत एखाद्या दिराने न विचारता छापली असती, तर ती चहाडी ठरली असती.

एवंच, वही खुली ठेवावी की झाकावी, हा प्रश्न आम्ही चुकीचा मांडत होतो. कोणते पान कोणाचे, हे आधी पाहावयास हवे होते. ज्याच्याविषयी लिहिले, त्यास विचारावे. जी बालके आज होय किंवा नाही म्हणू शकत नाहीत, त्यांचे फोटो व त्यांची आजारपणे ती जाणती होईपर्यंत बाहेर नेऊ नयेत. ‘फक्त घरच्यांसाठी’ या शब्दांवरही फार विसंबू नये. बंद गटातील पान एखादा भाचा सहज पुढे पाठवतो, आणि मग ते परत मागवता येत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ सालचा कायदादेखील, माणसाने स्वतः होऊन जगजाहीर केलेल्या माहितीस लागू होत नाही.

सायंकाळपर्यंत आमचे ठरले. मूळ वही आईच्या लाकडी पेटीत राहील. तिचे एकही पान फाडावयाचे नाही, कारण फाडलेले घर खरे घर नव्हे. बहारांच्या नोंदी, लग्नाकार्यांचे खर्च, औषधी पाले, जुने शब्द, ही पाने धाकट्याने सर्वांसाठी खुली करावीत. उसनवारी आणि आजारपणाची पाने कुटुंबापुरती राहतील, आणि तीही त्या त्या माणसास विचारून. बहिणीच्या पानाची नक्कल कोणीही काढावयाची नाही.

धाकटा थोडा हिरमुसला. “मायचे सर्वांत चांगले लिहिलेले पान तेच आहे,” तो म्हणाला. ते खरे होते. आम्हीही ते नाकारले नाही.

निघताना बहिणीने पेटी उघडली, ते पान उभ्यानेच वाचले आणि वही पुन्हा जागेवर ठेवली. “पोरगी यंदा कॉलेजात गेली,” ती म्हणाली. “तिला मी स्वतः वाचून दाखवीन. पुढचे ती आणि मी पाहू.” पेटीची किल्ली तिने आमच्याकडे मागितली. आम्ही ती दिली.