बिघाडाच्या दिवसाचे नियोजन

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बिडकीनच्या परिसरात दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेअंतर्गत ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र विकसित होत असून, २९ सप्टेंबर २०२४ रोजी ते राष्ट्राला समर्पित करण्यात आले. शेंद्रा येथील भागासह ही वसाहत ऑरिक या नावाने ओळखली जाते. एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर यांनी २०२४ मध्ये येथे कारखाने उभारण्याचे जाहीर केले, आणि वाहन उद्योगाभोवती सुट्या भागांच्या पुरवठादारांची जी साखळी उभी राहते तीही ओघाने येथे येणार आहे. अशा कारखान्यांत जमीन, वीज आणि पाणी यांची चर्चा आराखड्याच्या पहिल्याच बैठकीत होते; परंतु उत्पादनाची प्रत्येक नोंद ज्या डेटाबेसात जाते, त्याच्या यंत्रसामग्रीचा विचार बहुधा इमारतीला रंग लागल्यानंतर सुरू होतो. तोवर केबलचे मार्ग, सर्व्हर-खोलीची जागा आणि विजेचे फीडर ठरून गेलेले असतात, आणि पुढील सारे नियोजन त्या चौकटीत कोंबावे लागते.

एकच डेटाबेस अनेक सर्व्हर मिळून चालवतात आणि त्यांपैकी एखादा बंद पडला तरी काम थांबत नाही, अशा रचनेला क्लस्टर म्हणतात व त्यातील प्रत्येक सर्व्हरला नोड. या रचनेचे दोन मुख्य प्रकार आहेत. ओरॅकलच्या रॅक या २००१ पासून प्रचलित असलेल्या प्रणालीत सर्व नोड एकाच सामायिक साठवणीवर काम करतात. उलट पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलच्या क्लस्टरमध्ये सामान्यतः प्रत्येक नोडकडे माहितीची स्वतःची पूर्ण प्रत असते आणि बदल नेटवर्कवरून इतरांपर्यंत पोहोचवले जातात. पहिल्या प्रकारात साठवणीवर आणि दुसऱ्यात नेटवर्कवर अधिक भार येतो. तथापि दोन्हींना एक तत्त्व समान लागू आहे: क्लस्टरचे माप सुरळीत दिवसावरून घ्यायचे नसते, ते बिघाडाच्या दिवसावरून घ्यायचे असते, कारण सुरळीत दिवशी एक चांगला सर्व्हरही पुरेसा ठरतो.

हे तत्त्व प्रोसेसरच्या हिशेबात सर्वप्रथम दिसते. तीन नोडचा क्लस्टर घेतला आणि प्रत्येक नोड ७० टक्के भाराने चालवला, तर एक नोड गेल्यावर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी १०५ टक्के भार येतो, म्हणजे जो क्लस्टर बिघाड सोसण्यासाठी घेतला तो नेमका बिघाडातच कोसळतो. प्रत्येक नोड ६० टक्क्यांच्या आत ठेवल्यास हाच भार ९० टक्क्यांवर थांबतो. याचा अर्थ खरेदी केलेल्या क्षमतेपैकी चाळीस टक्के क्षमता वर्षभर रिकामी दिसणार, आणि लेखा विभाग त्याबद्दल प्रश्न विचारणार. त्याचे उत्तर खरेदीपूर्वीच लिहून ठेवलेले बरे. व्यावसायिक डेटाबेसांचे परवाने अनेकदा प्रोसेसरमधील कोअरच्या संख्येवर मोजले जातात, त्यामुळे पुष्कळ संथ कोअरऐवजी मोजके वेगवान कोअर घेणे एकूण खर्चात स्वस्त पडते, ही गोष्ट सर्व्हरच्या दरपत्रकात दिसत नाही.

नोडची संख्या विषम का असावी, याचे कारण मतदानात आहे. नेटवर्क तुटून क्लस्टरचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तुकडे स्वतःलाच खरा डेटाबेस समजून नोंदी घेऊ लागले, तर दोन विसंगत हिशेब तयार होतात व ते नंतर जुळवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ज्या तुकड्याकडे एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते असतील तोच पुढे चालतो आणि दुसरा स्वतःहून थांबतो. या बहुमताला कोरम म्हणतात. तीन नोड एकाचा आणि पाच नोड दोघांचा बिघाड सोसतात. चार नोडही एकाचाच सोसतात, म्हणून मतांच्या दृष्टीने चौथ्याने काहीच साधत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांचा पॅक्सॉस आणि २०१४ मध्ये ऑंगारो व ऑस्टरहाउट यांनी मांडलेला राफ्ट हे अल्गोरिदम याच बहुमतावर उभे आहेत. दोनच नोड परवडत असतील तर तिसरे मत देणारा एक लहानसा साक्षीदार सर्व्हर वेगळ्या इमारतीत ठेवावा. दोन नोडपैकी एकाच्याच रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हर बसवण्याच्या कपाटात, तो ठेवला, तर त्या रॅकबरोबर दोन मते जातात.

साठवणीच्या बाबतीत क्षमता आणि वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दरपत्रकात मात्र फक्त पहिलीच ठळक छापलेली असते. उदाहरणादाखल एका कारखान्यात २,००० संवेदक आहेत आणि प्रत्येक जण दर सेकंदाला १०० बाइटांची एक नोंद पाठवतो असे धरले, तर दिवसाला सुमारे १७.३ गिगाबाइट आणि वर्षाला सुमारे ६.३ टेराबाइट माहिती जमते. शोध वेगाने व्हावा म्हणून ठेवलेल्या अनुक्रमणिकांसह, म्हणजे इंडेक्ससह, ती दुप्पट धरली तर १२.६ टेराबाइट होतात. डिस्क काठोकाठ भरू न देता तीस टक्के मोकळी ठेवायची तर प्रत्येक नोडला १८ टेराबाइट लागतात. नोडमधील डिस्कची आरशासारखी दुसरी प्रत ठेवल्यास ३६, आणि तीन नोड मिळून १०८ टेराबाइट. मूळ माहिती साडेसहाच्याही आत असताना खरेदी शंभरावर जाते, यात उधळपट्टी काहीच नाही. हा हिशेब आधी मांडला नाही तर मात्र तो दुसऱ्या वर्षी डिस्क भरल्यावर मांडावा लागतो.

वेगाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी जुनी चकती सेकंदाला शंभरच्या आसपास स्वैर वाचन-लेखने करते, तर एनव्हीएमई प्रकारची डिस्क लाखांच्या घरात जाते. रेड-५ या बचतीच्या रचनेत प्रत्येक लहान लेखनासाठी चार प्रत्यक्ष क्रिया होतात, आरशाच्या रचनेत, म्हणजे रेड-१० मध्ये दोन. म्हणून लेखनप्रधान डेटाबेससाठी रेड-५ घेऊन वाचवलेले पैसे पुढे तक्रारींच्या रूपाने परत येतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की व्यवहार पूर्ण झाल्याचे सांगण्यापूर्वी डेटाबेस डिस्कला नोंद कायमची उतरवण्याचा आदेश देतो आणि तिच्या होकाराची वाट पाहतो. काही स्वस्त डिस्क नोंद अजून तात्पुरत्या स्मृतीत असतानाच होकार देऊन टाकतात. त्या क्षणी वीज गेली तर पूर्ण म्हणून जाहीर झालेला व्यवहार नाहीसा होतो. सर्व्हरसाठीच्या चांगल्या डिस्कवर कपॅसिटरची एक छोटी रांग असते आणि वीज गेल्यावर तेवढ्या साठ्यावर ती स्मृतीतील मजकूर कायमस्वरूपी पेशींत उतरवते. मागणीपत्रात या संरक्षणाचा उल्लेख नसेल तर डिस्क कोणत्या कंपनीची आहे यावर वाद घालण्यात अर्थ उरत नाही.

नेटवर्कचे दोन भाग वेगळे ठेवावे लागतात: वापरकर्ते ज्यावरून येतात तो सार्वजनिक आणि नोड आपापसांत ज्यावरून बोलतात तो खासगी. खासगी नेटवर्कचे माप पुन्हा बिघाडावरूनच ठरते. बंद पडलेला नोड नव्याने उभा करताना १२.६ टेराबाइटची पूर्ण प्रत पाठवायची, तर १ गिगाबिटच्या जोडणीवर तत्त्वतः २८ तास आणि १० गिगाबिटच्या जोडणीवर २.८ तास लागतात. या साऱ्या काळात क्लस्टर दोनच पायांवर उभा असतो. २८ तास आणि २.८ तास यांतील फरकासाठी स्विचचा जादा खर्च करावा की नाही, याचा निर्णय कारखान्याच्या एका पाळीच्या मोलावरून घ्यावा. मोठ्या संदेशांसाठी जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीच्या १,५०० ऐवजी ९,००० बाइटांची पाकिटे, वापरायची असतील तर वाटेतील प्रत्येक स्विच व कार्ड त्यासाठी जुळवलेले हवे. एकही सुटले तर नोड जिवंत असल्याचे लहान संदेश पोहोचत राहतात, मोठी माहिती मात्र अडकते, आणि क्लस्टर चालू दिसूनही काम होत नाही. तपासणी साधी आहे: पाकीट न तोडण्याच्या अटीसह ८,९७२ बाइटांचा पिंग पाठवावा. उरलेले २८ बाइट शीर्षकांत जातात.

दुहेरी व्यवस्थेचा खरा शत्रू म्हणजे दोन्हींत दडलेला सामायिक दुवा, आणि त्याचे धडे घेण्यासाठी बिडकीनकरांना दूर जावे लागत नाही. जायकवाडीहून शहराला पाणी नेणाऱ्या ७०० व १,४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या जलवाहिन्या आहेत, पण दोन्ही फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रावर अवलंबून असल्याने तेथील वीज गेली की दोन्ही एकदमच कोरड्या पडतात. दोन दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेल्या दोन फायबर जोडण्यांचेही असेच होते: देयके वेगळी, पण पैठण रस्त्यालगत दोन्ही केबल एकाच चरातून आलेल्या, आणि रस्त्याच्या कामावरील जेसीबीला कंपन्यांची नावे वाचता येत नाहीत. म्हणून करारात वेग लिहिण्यापूर्वी केबलच्या मार्गाचा नकाशा मागून घ्यावा. तीन नोड तीन रॅकमध्ये, दोन स्वतंत्र फीडर व दोन यूपीएसवर असावेत, ही अटही त्याच जातीची.

मराठवाड्याच्या हवामानाचाही येथे संबंध येतो. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांदरम्यान असावी अशी शिफारस आहे, तर मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. वीज गेल्यावर यूपीएस सर्व्हरला जगवते, पण वातानुकूलन सहसा तिच्यावर नसते, आणि जनरेटर सुरू होऊन थंडावा परत येईपर्यंत खोली काही मिनिटांतच तापते. काळी माती ओली असताना विजेला जमिनीत सहज वाट देते, पण उन्हाळ्यात आकसून भेगाळली की अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि रोध वाढतो. ऑगस्टमध्ये घेतलेले अर्थिंगचे मोजमाप त्यामुळे निरुपयोगी. ते मे महिन्यात, खड्ड्यात पाणी ओतण्यापूर्वी घ्यावे.

संपूर्ण इमारतच बंद पडली तर माहितीची प्रत हाती राहावी म्हणून लागणारे दुसरे ठिकाण किती दूर असावे, याला प्रकाशाच्या वेगाची मर्यादा आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून तीस-चाळीस किलोमीटरवरील शेंद्र्याला जाऊन येण्यास अर्धा मिलिसेकंदही लागत नाही, तर सुमारे २३५ किलोमीटरवरील पुण्याला किमान २.३५ मिलिसेकंद लागतात आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक. प्रत्येक नोंद पुण्याच्या होकारानंतरच पक्की करायची ठरवली, तर एकाच खात्यातील शिल्लक सेकंदाला चारशेहून थोड्याच अधिक वेळा बदलता येईल. त्यामुळे तात्काळ जुळणारी प्रत शेंद्र्याला आणि काही सेकंद मागे राहणारी प्रत पुण्याला, ही विभागणी बहुतेक कारखान्यांना पुरेशी ठरते. केवळ शेंद्र्यावर भागवू नये, कारण एकच आपत्ती दोन्ही ठिकाणांना गाठू शकते; ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या मानलेल्या विभागात झाला होता.

क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे, हे येथे स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण चुकून पुसलेली सारणी तिन्ही नोडवर तितक्याच तत्परतेने पुसली जाते. वेगळी, नेटवर्कपासून तोडलेली आणि ठरावीक काळाने परत उतरवून पाहिलेली प्रत लागतेच. स्वीकृती चाचणीत, कारखान्याचे काम चालू असताना, एका नोडची वीज पुरवठादारासमक्ष तोडावी, नंतर एका स्विचची केबल काढावी आणि नोड पूर्ववत होण्यास लागलेला वेळ घड्याळ लावून मोजावा. ही अट खरेदी-आदेशातच लिहावी; पूर्ण रक्कम अदा झाल्यानंतर ती चाचणी कोणी करून देत नाही.