लागू डॉक्टर आणि आमची उन्हाळी सुट्टी

डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ मध्ये डॉक्टरकी सोडली आणि ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठलेली होती. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियात प्रॅक्टिस केलेले. हा दाखला गेल्या दोन महिन्यांत आमच्या घरात इतक्यांदा निघाला आहे की, तो सुरू झाला की धाकटी लेक "आले लागू डॉक्टर" म्हणत ताट घेऊन उठते.

कारण असे की आम्हाला एका सिनेमात काम करण्याचे बोलावणे आले आहे. मोठ्या बॅनरचा नव्हे. चार मित्रांनी पदरचे पैसे घालून काढायचा, ज्याला स्वतंत्र सिनेमा म्हणतात तसला. गोष्ट ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची. माळवदाचे दगडी घर खाली आले आहे आणि एक आई ढिगाऱ्यात पोराला शोधते आहे. ती आई आम्ही व्हायचे. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. स्नेहसंमेलनात मुलांच्या नाटुकल्या बसवणे, एवढाच आमचा अभिनयाशी संबंध.

लागूंचे नाव घेऊन धीर देणारे लोक एक गोष्ट गाळतात. १९६९ पूर्वीही, परदेशातली वर्षे सोडली तर, ते दवाखाना सांभाळून पुण्यात पीडीएमध्ये नाटके करीतच होते. 'नटसम्राट' १९७० चे. म्हणजे ती डोळे मिटून मारलेली उडी नव्हती, वर्षानुवर्षे पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसाने शेवटी पोहायला लागणे होते. आमची तेवढी पूर्वतयारी नाही, हे मनाशी धरूनच आम्ही विचार करतो आहोत.

त्यापेक्षा 'सामना'ची मंडळी आम्हाला जास्त जवळची वाटतात. १९७५ चा सिनेमा. दिग्दर्शक जब्बार पटेल हे लहान मुलांचे डॉक्टर, दवाखाना दौंडला. एका भूमिकेत लागू डॉक्टर, दुसऱ्या भूमिकेत निळू फुले, जे पूर्वी माळीकाम करीत. आणि निर्माते रामदास फुटाणे, आपल्या शेजारच्या जामखेडचे, चित्रकलेचे शिक्षक! डॉक्टर, माळी आणि ड्रॉइंग मास्तर मिळून केलेला सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला. शिक्षकांच्या खोलीत आम्ही हे सांगितले तेव्हा आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

अलीकडचेही आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधले लोकशाहीर नारायण कांबळे म्हणजे नागपूरचे वीरा साथीदार, चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक. २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. त्याच दिग्दर्शकाच्या 'द डिसायपल'मध्ये शिष्य झालेले आदित्य मोडक चार्टर्ड अकाउंटंट, आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड केमिकल इंजिनिअर. दोघेही गाणारे. अशा सिनेमाला नट होऊन आलेला माणूस लागतोच असे नाही, काहीतरी अंगात मुरलेला माणूस लागतो. आमच्या अंगात काय मुरले आहे, ते दिग्दर्शकाला ठाऊक होते. म्हणूनच तो सास्तूरला आला.

घरातला पहिला आक्षेप मामूजानचा. "बेटी, बच्चों को पढ़ानेवाली तू, तेरेकू ये शोभता क्या?" त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते आणि आम्ही दिलेही नाही, वडीलधारे आहेत. मुलांच्या अब्बांचा आक्षेप वेगळा होता, वहीत मांडलेला. मानधन कधी, याला तारीख नाही. असा सिनेमा आधी महोत्सवांत फिरतो, थिएटरात मागाहून येतो. 'कोर्ट' २०१४ च्या सप्टेंबरात व्हेनिसला दाखवला गेला, आपल्याकडे लागला २०१५ च्या एप्रिलमध्ये. तोही बक्षिसे मिळाल्यावर. न मिळालेल्यांचे काय होते ते कुणी लिहून ठेवत नाही. आणि नोकरीचा राजीनामा दिला तर जुन्या पेन्शनच्या नियमात मागची सगळी सेवा जाते. स्वेच्छानिवृत्ती घ्यायची तर वीस वर्षांची सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस. थोरलीचे नर्सिंगचे शिक्षण अजून दोन वर्षे आहे. एवढे मांडून त्यांनी वही आमच्याकडे सरकवली.

नोकरी सोडायची नाही, हे त्याच रात्री ठरले. संस्थेची लेखी परवानगी घ्यायची आणि शूटिंग मे महिन्यात, सुट्टीत. लोहारा तालुक्यातले मेचे ऊन काय असते ते दिग्दर्शकाला कळेलच.

खरी अडचण वहीत मावणारी नव्हती. त्या पहाटे आम्ही सहावीत होतो आणि आमचा धाकटा भाऊ चार वर्षांचा. तो सापडला दुपारी. कॅमेऱ्यासमोर आम्हाला अम्मीच व्हायचे आहे, हे दिग्दर्शकाने तोंडाने म्हटले नाही, आम्हीही नाही. पण अम्मी हयात आहे, पलीकडच्या खोलीत तसबीह घेऊन बसलेली असते. तिला न विचारता हे करणे चोरी झाली असती. दोन जुम्मे गेले, विचारवेना. अखेर एका संध्याकाळी तिच्या केसांना तेल लावताना सांगून टाकले.

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "कर. पन रोना नक्को. मैं रोई नईं थी. हात चल रहे थे ना."

आम्ही पटकथा पुन्हा काढली. त्यात ती आई दीड पान आक्रोश करते, आणि तोही लखनवी उर्दूत: ऐ मेरे लख़्त-ए-जिगर, वगैरे. ही उर्दू आम्ही वर्गात आवडीने शिकवतो, पण सास्तूरच्या घराघरात 'कायकू' आणि 'नक्को' चालते; दगड उपसणाऱ्या बाईच्या तोंडी लख़्त-ए-जिगर येत नाही. लाल पेन हाताशी होताच. दीड पान खोडून आम्ही समासात तीन ओळी लिहिल्या. पहिली ओळ मुलाच्या नावाची हाक. दुसरीत ती शेजारणीला म्हणते, कंदील इकडे धर. तिसरीत काही नाही, नुसते लिहिले आहे: हात चालू.

पाने रजिस्टर पोस्टाने पाठवली आहेत. दिग्दर्शकाचा निरोप अजून आलेला नाही.