दाराचं कुंपण

पापनाशममधल्या आमच्या घराच्या मधल्या खणात सहा वर्षांपूर्वी भिंत उभी राहिली. आजोबांच्या मागे घर अप्पा आणि काका यांच्यात वाटलं गेलं. त्या खणातलं सागवानी दार निघालं. दार दोन कवाडांचं, त्यामुळे निदान त्याच्या वाटणीवरून भांडण झालं नाही. एक कवाड काकांच्या मुलाकडे गेलं, एक आमच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून राहिलं.

यंदा आईच्या तंजावरी कृष्णाची चौकट वाळवीने खाल्ली. चित्र वाचलं. फणसाच्या फळीवर कापड, त्यावर खडू-डिंकाचा उठाव, सोन्याचा वर्ख. सगळं जिथल्या तिथे. आसारींना बोलावलं. ते हल्ली कुंभकोणमला प्लायवुडची स्वयंपाकघरं करतात. "पोंगलनंतर बघू, अम्मा," म्हणाले. कुठल्या पोंगलनंतर, ते मी विचारलं नाही.

म्हणून मी राउटर घेतला. हातात मावणारं यंत्र, पण त्याचं पातं मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेतं आणि लाकडात खाच, गोलाई, नक्षी काढतं. तेच टेबलाखाली उलटं टांगलं आणि पातं भोकातून वर काढलं की यंत्र जागेवर राहतं आणि लाकूड सरकवायचं. फक्त लाकडाला टेकून सरकायला एक उभी पट्टी लागते. इंग्रजीत तिला फेन्स म्हणतात.

अठरा वर्षं तमिळमधून मराठीत अनुवाद करते आहे. वस्तूच्या आधी मला शब्द अडतो. आसारी सरळ 'गाईड' म्हणतात, त्यांचं काम भागतं. कुंपण म्हटलं की मला गुरं आठवतात. तमिळमध्ये वेलि. मराठी कानाला वेल ऐकू येते, अर्थ मात्र कुंपण. शिवाय या कावेरीच्या खोऱ्यात वेलि हे जमिनीचं मापही आहे, सुमारे साडेसहा एकरांचं. आजोबांची जमीन तीन वेलि, आणि वाटणीचं खरं भांडण त्या तीन वेलींचं. कुंपणानेच शेत खाल्लं, ही म्हण तमिळमध्ये जवळजवळ जशीच्या तशी आहे. अनुवादकाला असं फुकट क्वचितच मिळतं. आई ती काकांबद्दल मराठीत म्हणायची, काकू आमच्या अप्पांबद्दल तमिळमध्ये. भिंत एका विटेची आहे. दोन्ही बाजूंना दोन्ही ऐकू यायच्या.

कुंपणासाठी मी ते कवाड कापलं. आईला आधी सांगितलं नाही. जुना साग वाळून शांत झालेला असतो, ऐप्पसीच्या पावसातही फारसा वाकत नाही; नवी फळी इथे महिन्याभरात पीळ धरते. कवाडाच्या उभ्या पट्टीतून तीन फुटांचा तुकडा घेतला, आतले खिळे उपटले, रंधा मारला. सरळ झाला का, हे बघायची युक्ती सोपी आहे. कागदावर त्याच्या कडेने रेघ ओढायची, मग तुकडा उलटा करून तीच कड त्याच रेघेला लावायची आणि पुन्हा ओढायची. चूक असेल तर दोन रेघांमध्ये फट दिसते, आणि ती चुकीच्या दुप्पट असते. मराठी मजकूर पुन्हा तमिळमध्ये नेऊन बघण्यासारखंच. माझी फट पहिल्या दिवशी एक सूत होती. चौथ्या दिवशी मिटली.

सरस्वती महालात मोडी कागद पाहिलेत. लिहिणारा आधी ओळभर आडवी रेघ ओढायचा, मग अक्षरं तिला लोंबत जायची. तमिळ अक्षराला डोक्यावर रेघ लागत नाही. आमच्या घरात दोन्ही चालायचं.

टेबलाच्या कडेला पट्टी अगदी समांतर बसावी म्हणून मी एक अख्खी दुपार घालवली. ती वाया गेली. टेबलावरच्या करवतीला समांतर पट्टी लागते. राउटरचं पातं गोल फिरतं, त्याला पट्टी कुठल्या कोनातून आली याचं काही नसतं. ती स्वतः सरळ हवी, टेबलाशी काटकोनात हवी, बस. मग एक टोक बोल्टवर ठेवलं, दुसरं मोकळं. हवं तिथे फिरवायचं आणि शिकंजा आवळायचा. मध्ये पात्यापुरती खाच. गुण्या लावून मागे तीन त्रिकोणी ठोकळे बसवले.

पहिल्याच पट्टीला मी चूक केली. लाकूड उजवीकडून डावीकडे, पात्याच्या फिरण्याविरुद्ध ढकलायचं असतं. मी डावीकडून ढकललं. पात्याने ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि फेकलं. बोटं वाचली. पट्टी मधल्या भिंतीवर आदळली, गिलाव्याचा पोपडा पडला.

"अक्का, काय पडलं?" भिंतीपलीकडून.

दीड वर्षात त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी म्हटलं, "काही नाही रे." आवाज कापला असावा, कारण तो रस्त्याने वळसा घालून आमच्या दारात आला. माझे हात उलटसुलट करून पाहिले. मग कुंपण पाहिलं, त्यातलं कडीचं भोक पाहिलं. कवाड ओळखलं, पण त्यावर काही बोलला नाही. "लांब पट्टीला पलीकडून धरायला माणूस लागतो," एवढंच. धरून उभा राहिला. मी उजवीकडून ढकलत गेले, तो डावीकडून फक्त पेलत होता, ओढत नव्हता. चारही पट्ट्यांच्या मागे काच आणि फळी बसेल अशी खाच निघाली. कडीच्या भोकातून भुसा गळत होता.

आईने त्याला कॉफी दिली. काकूंची चौकशी केली नाही, पण साखर त्याच्या सवयीप्रमाणे दोन चमचे घातली.

रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या कवाडाचं टेबल करायचंय, कडा गोल करायच्यात. राउटर पिशवीत घातला. टेबल आणि कुंपण आम्ही दोघांनी उचललं आणि मधल्या खणाकडे वळलो, सवयीने. भिंतीपाशी थांबलो. मग मागे फिरून पुढच्या दाराने, रस्त्यावरून, त्याच्याकडे नेलं.