द्राक्षांचे गाव

ब्रह्मपुरी ही जयपुरातील जुन्या पंडितांची वस्ती. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे शहर वसविले, तेव्हा त्याच्या पदरी असलेला जगन्नाथ सम्राट हा मूळचा महाराष्ट्रीय होता. युक्लिडची भूमिती त्याने अरबीतून संस्कृतात आणली. त्यामुळे या वस्तीत मराठी माणूस उपरा ठरत नाही, अशी एक समजूत वैद्यबुवांनी स्वतःच्या सोयीसाठी करून घेतली आहे. राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान १९७६ साली स्थापन झाले. त्या सुरुवातीच्या वर्षांत ते नाशिकहून येथे भैषज्यकल्पना शिकवावयास आले आणि निवृत्तीनंतरही येथेच राहिले. गढ गणेशाची टेकडी त्यांच्या गच्चीतून दिसते. आसवे आणि अरिष्टे हा त्यांचा खास विषय. काढा न करता आंबविले ते आसव, काढा करून आंबविले ते अरिष्ट, हा शार्ङ्गधराने केलेला भेद त्यांनी शेकडो विद्यार्थ्यांच्या गळी उतरविला असेल. द्राक्षापासून आपोआप उपजणाऱ्या मद्यार्काचे प्रमाण किती असावे हे ते झोपेतही सांगतील. मात्र द्राक्षाचे मद्य म्हणून जे जगभर प्याले जाते, त्याचा थेंबही त्यांनी वयाच्या ऐंशीपर्यंत चाखला नव्हता.

गेल्या थंडीत त्यांची लेक फ्रान्समधील ल्यों शहराहून आली. प्रवाशास दोन लिटर मद्य करमुक्त आणण्याची मुभा असते, तिचा तिने उपयोग केला आणि दोन बाटल्या बापापुढे ठेवल्या. घरात थोडा वेळ अवघड शांतता पसरली. "तुम्ही पिऊ नका हवं तर," ती म्हणाली, "पण वास तर घ्या, बाबा. त्या माणसाच्या तळघरात गेले आणि मला अण्णांची कोठी आठवली."

अण्णा म्हणजे वैद्यबुवांचे वडील. त्यांचे नाव निघाल्यावर बाटली दूर सारणे शक्य नव्हते. वैद्यबुवांनी चष्मा चढवून आधी वेष्टनावरचा कागद पाहिला. त्यावर महालाचे चित्र नव्हते की सोनेरी पदके नव्हती. मोर्गों हे गावाचे नाव, त्याखाली त्या गावाजवळच्या टेकडीचे नाव, वर्ष, पिकविणाऱ्याचे नाव आणि बाटली त्यानेच आपल्या जागी भरली असा निर्वाळा, एवढेच. मग त्यांनी बाटली उजेडात धरली. तळाशी गाळ होता. "सदोष आहे," ते म्हणाले. चाळीस वर्षे प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाचा तो सहज उद्गार होता. पुढचा प्रश्नही त्याच सवयीने आला: "किण्व कोणतं घातलं?"

"काहीच नाही. द्राक्षाच्या सालीवर जे असतं तेच."

हे उत्तर ऐकून ते गप्प झाले. कारण आसवात धायटीची फुले का घालतात, याचे जे आधुनिक स्पष्टीकरण ते वर्गात देत आले, ते हेच होते: फुलातील मध आणि फुलावर वसणारे सूक्ष्म किण्व मिळून रस आंबवितात. बाहेरून आणलेल्या पुडीची गरज पडत नाही. लेक सांगत होती ती हकीगत बोजोले प्रदेशातील ज्यूल शोव्हे याची. १९०७ साली जन्मलेला हा गृहस्थ धंद्याने मद्याचा व्यापारी आणि वृत्तीने रसायनज्ञ. कारखान्यात तयार झालेले किण्व आणि गंधकाची पूड यांच्यावाचून निरोगी मद्य करता येते काय, याचा त्याने आयुष्यभर शोध घेतला. तो १९८९ साली वारला. त्याचे ऐकून मोर्गोंच्या मार्सेल लापिएर या बागाइतदाराने १९८०च्या दशकात आपल्या बागेत तसे करून दाखविले. त्यामागून शेजारी, आणि पुढे इतर देशांतील लहान बागाइतदार. हे सारे प्रयोगशाळेबाहेरच्या हट्टी शेतकऱ्यांचे काम नव्हते. त्याच्या मुळाशी सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेला एक माणूस होता, ही गोष्ट वैद्यबुवांना विशेष वाटली.

लहान बागाइतदाराने स्वतःच्या नावाने बाटली भरावी, यात आपणांस नवल वाटत नाही. पण युरोपात ती रीत तशी अलीकडचीच. शतकानुशतके द्राक्षे एकाची आणि नाव दुसऱ्याचे असा प्रकार होता. व्यापारी गावोगावचे मद्य पिंपांनी विकत घेई, एकात एक मिसळी आणि आपल्या पेढीची चिठ्ठी लावी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे वेल मुळापासून खाल्ले, तेव्हा मद्य दुर्मिळ झाले आणि भेसळ सोकावली. वेल पुन्हा उभे राहिले तरी भेसळ हटेना. १९०७ साली दक्षिणेतील द्राक्षबागाइतदार लाखांच्या संख्येने रस्त्यावर आले, नार्बोन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली, आणि त्यानंतर पाणी-साखरेच्या भेसळीविरुद्ध कायदा झाला. गावाच्या नावाचा हक्क गावालाच राहावा यासाठी १९३५ साली स्वतंत्र व्यवस्था निर्माण झाली. त्याच सुमारास बुर्गोन्य प्रांतात व्होल्ने गावच्या मार्की दांजेरव्हीलसारख्या काही बागाइतदारांनी व्यापाऱ्यांशी भांडण मांडले आणि आपला माल आपणच बाटलीत भरावयास आरंभ केला. तेव्हा त्या साध्या कागदावरील "पिकविणाऱ्याने भरली" या ओळीमागे बरीच भांडणे उभी आहेत. इटलीत बारोलो गावचा बार्तोलो मास्कारेल्लो, जो २००५ साली वारला, तो तर बाटल्यांच्या चिठ्ठ्या स्वतः रंगवी आणि त्यांवर राजकीय टोलेही हाणी. चिठ्ठी ही त्याची वहीच होती म्हणावयाची.

अर्थात लहान ते सारे चांगले, असा भाबडेपणा कामाचा नाही. गंधकाविना केलेले पुष्कळ मद्य नासते. नासलेल्यास निसर्गाचा स्वाद म्हणून खपविणारेही आहेत, आणि गरीब शेतकऱ्याच्या घामाचे कौतुक करीत महागड्या बाटल्या रिचविणारे शहरी रसिक तर सर्वत्रच आहेत. वैद्यबुवांनी हा आक्षेप पहिल्याच संध्याकाळी घेतला. लेकीने तो नाकारला नाही.

रात्री त्यांनी कपाटातून कौटिल्य काढला. कंगल्यांनी सिद्ध केलेली आणि मुंबई विद्यापीठाने १९६० साली छापलेली ती संहिता त्यांच्याजवळ आहे. सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव अशी एकेकाची घटकद्रव्ये मापासह दिली आहेत. पण मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मधूकडे येताच कौटिल्य माप टाकून देतो. त्याचा स्वदेश हीच त्याची व्याख्या, असे म्हणून तो दोन नावे सांगतो: कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. त्या गावावरून शब्द कसा साधावा, याचा नियम पाणिनीनेही दिलेला आहे. वैद्यबुवांनी हे प्रकरण किती वेळा शिकविले असेल! विद्यार्थ्यांस त्यांनी नेहमी मापांचा भाग पाठ करावयास लावला. स्वदेशाचे वाक्य ते ओलांडून जात, कारण त्यातून काही करता येण्यासारखे नव्हते.

त्याच प्रकरणात आणखी एक उदार कलम आहे. गृहस्थांस कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक कौटिल्य देतो. तशी मोकळीक पुढे राहिली नाही. राजस्थानात ठिकाण्याठिकाण्याची मद्ये असत. केशर, कस्तुरी, मसाले घालून गाळलेली, प्रत्येक घराण्याची निराळी, आणि पाककृती वहीत जपलेली. १९५०च्या अबकारी कायद्यानंतर या घरगुती भट्ट्या थंडावल्या. केसर कस्तुरी, जगमोहन, चंद्रहास ही नावे बऱ्याच काळाने पुन्हा बाटलीवर आली ती सरकारी कारखान्यातून. इकडे मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा झाला आणि आसव-अरिष्टांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनी द्रव्यांपुरती त्यातील काही कलमे रद्द ठरविली. तरी अण्णांच्या नाशिकच्या औषधशाळेत द्राक्षासवाची मागणी एकाएकी वाढली होती, आणि ती सारी अग्निमांद्याची नव्हती हे अण्णा ओळखून होते. ते छोट्या बाटलीवर बाटली देत नसत.

अण्णांची कोठी अंधारी होती. बरण्यांना आतून तूप चोळलेले, पिंपळी आणि लोध्राची धुरी दिलेली, तोंडे कापडमातीने लिंपलेली, आणि बरण्या धान्याच्या राशीत गळ्यापर्यंत पुरलेल्या. महिना झाला की अण्णा बरणीला कान लावीत. आतला बुडबुड्यांचा आवाज थांबला की काडी ओढून तोंडाशी धरीत. ज्योत विझली नाही तर आसव सिद्ध झाले. प्रत्येक बरणीवर खडूने लिहिलेले असे: "कंदाहारी, कार्तिक" किंवा "कंदाहारी, पौष". काळ्या मनुका कोठून आल्या आणि केव्हा घातल्या, एवढीच नोंद. १९६९च्या उन्हाळ्यात वैद्यबुवा नवी पदवी आणि नवा हायड्रोमीटर घेऊन घरी आले, तेव्हा राशीत एक वेगळीच बरणी होती. मनुकांऐवजी ओल्या द्राक्षांचा प्रयोग अण्णांनी केला होता. तिच्यावर लिहिले होते, "ओझर, भोकरी, फाल्गुन". तिचे विशिष्ट गुरुत्व इतर बरण्यांशी जुळेना. रंगही फिका. मुलाने ती मोरीत ओतली.

अण्णा संध्याकाळी आले. रिकामी बरणी पाहून त्यांनी एवढेच विचारले, "चाखून पाहिलंस?"

मुलाने पाहिले नव्हते. चाखणे ही त्याच्या लेखी परीक्षाच नव्हती. त्यानंतर अण्णांनी आसवे घालणे बंद केले. वयाचे कारण सांगितले, आणि ते खरेही असू शकेल. औषधशाळा चार वर्षांनी मोडली. बरण्या भांडेवाल्याने नेल्या, आणि वैद्यबुवांकडे आली ती केवळ नोंदवही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी लेकीस बाटली उघडावयास सांगितले. औषधाचा चांदीचा चमचा घेतला आणि औषध घ्यावे तसे पूर्वेकडे तोंड करून बसले, याचे लेकीस हसू आले. त्यांनी आधी पुष्कळ वेळ वास घेतला. मग चमचाभर जिभेवर ठेवून डोळे मिटले. गोडी मुळीच नव्हती, याचे त्यांना प्रथम आश्चर्य वाटले. आसवात गूळ असतो, त्यामुळे द्राक्ष आंबल्यावर असे कोरडे होते हे पुस्तकात वाचूनही त्यांच्या जिभेला ठाऊक नव्हते. मग आंबटसर, मग थोडे तुरट, धायटीसारखे. पावसानंतरच्या दगडाचा वास. लेकीने सांगितले की त्या टेकडीचा दगड कुजल्यासारखा भुसभुशीत असतो आणि तिथले लोक त्याला कुजका खडकच म्हणतात. वैद्यबुवांनी दुसरा चमचा घेतला. ओझरची ती बरणी कशी लागली असती, याविषयी ते काही बोलले नाहीत. लेकीनेही विचारले नाही. तिला ती हकीगत आईकडून पूर्वीच कळलेली होती.

संध्याकाळी नोंदवही निघाली. अण्णांची शेवटची नोंद ओझरचीच होती, आणि तिच्यापुढील अभिप्रायाचा रकाना कोरा होता. त्याखाली एक ओळ सोडून वैद्यबुवांनी लेकीकडून उच्चार विचारून घेत लिहिले: मोर्गों, टेकडी पी, जात गामे, पिकविणाऱ्याचे नाव, वर्ष. बाटलीत अर्ध्याहून अधिक मद्य उरले होते. लेक म्हणाली, उघडलेली बाटली ठेवू नये, नासेल. त्यांनी ती बूच लावून उत्तरेकडील गार खोलीत ठेवविली आणि रोज सकाळी स्नानानंतर एकेक चमचा घेऊन पाहिले. वहीत चार दिवसांच्या चार नोंदी आहेत. तिसऱ्या दिवसाची नोंद सर्वांत लांब आहे. चौथ्या दिवशी लिहिले आहे: "अम्लता वाढली. गंध अद्याप आहे."