अण्णांचे इंजिन

आमच्या घरात दोन वस्तूंना कुणी भंगार म्हणायचे नाही, असा दंडक आहे. एक, माझी वर्गातली टिपणे. दुसरी, अण्णांची १९६८ सालची फियाट. पैकी टिपणांच्या बाबतीत हा दंडक माझ्या पाठीमागे नेहमी मोडला जातो. फियाटच्या वाटेला मात्र आमची कन्यादेखील जात नाही.

अण्णा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात होते. आयुष्यभर त्यांच्या डोळ्यांखालून लाखोंची नोट गेली आणि आमच्या घरी वीस तारखेनंतर वाण्याकडे वही चालू व्हायची. अशा माणसाने १९८५ साली देवळालीच्या एका पारशी गृहस्थाकडून ही गाडी जुनी म्हणून घेतली, तेव्हा आख्ख्या गल्लीने बोटे तोंडात घातली होती.

गेल्या मे महिन्यात कसाऱ्याचा घाट चढताना गाडीला ऊन लागले. रेडिएटर उकळला, आणि मी, मराठीचा प्राध्यापक, थंड पाणी ओतून मोकळा झालो. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी तेलाची कांडी बाहेर काढली, तर तिच्यावर तेलाऐवजी दुधाळ चहा! हेड उतरवल्यावर निदान पक्के झाले. या गाडीचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा. दोघांचे तापण्याचे आणि निवण्याचे मान वेगळे. (कितीतरी संसार असेच चालतात, पण ते असो.) गॅस्केट जळले होते, ते शंभरदा जळते. पण दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीला केसाएवढी चीरही गेली होती.

"सर, बोअर मारून, नवे पिस्टन घालून दिले असते," मिस्त्री म्हणाले, "पण फुटलेल्या ब्लॉकवर पैसा घालू नका. दुसरे इंजिन बघा."

मग आमच्या घरी इंजिनांची चर्चा सुरू झाली. गॅरेजमधल्या पोराने मारुती व्हॅनचे इंजिन सुचवले. ७९६ सीसी, स्वस्त, मिळेल तिथे मिळणारे. माझ्या मेव्हण्याचे मत ११८ एनईच्या इंजिनाला पडले. तेही प्रीमियरचेच, निस्सानच्या धर्तीचे, ११७१ सीसी, अंगात जोर जास्त. सौ.चे मत, त्याच पैशात कन्येच्या पहिल्या वर्षाची फी भरावी, असे होते. तिचे मत सर्वांत शहाणपणाचे होते, म्हणूनच ते कुणी चर्चेला घेतले नाही.

माझ्या मनात वेगळेच होते. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपात असावी, इंजिनातही मोठा फेरफार नसावा, अशी त्यात अट आहे. अण्णांच्या गाडीला तो मान मिळावा, असे मी मनात धरून बसलो होतो. तेव्हा हाच ब्लॉक कुठे सांधून मिळतो का, हे पाहावे म्हणून मी कपाटातून आर. सी. बुक काढले.

त्यात इंजिनाचा छापील क्रमांक आडवी रेघ मारून खोडलेला होता आणि खाली निळ्या शाईत दुसराच क्रमांक होता. सहीशिक्क्याची तारीख जून १९९८ ची. बुकाच्या घडीत कुर्ल्याच्या एका दुकानाची पावती होती. पद्मिनीचे जुने इंजिन, रुपये चौदा हजार.

जून १९९८ माझ्या चांगला लक्षात आहे. त्या महिन्यात मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि अण्णांनी जेवताना, ताटातून मान वर न करता, "यंदा जमणार नाही," एवढेच सांगितले होते. मी इथल्याच कॉलेजात गेलो. सव्वीस-सत्तावीस वर्षे मी ते न जमणे दारिद्र्याच्या खाती मांडले होते. दारिद्र्याचा राग येत नाही. त्या दुपारी मात्र आला, आणि गेलेल्या माणसावर आलेला राग ठेवायचा कुठे, हे कळेना.

पावती घेऊन मी आईपुढे गेलो. ती गवार मोडत होती. पावतीकडे तिने पाहिलेही नाही.

"ह्यांनी ते इंजिन फिरायला नव्हते घातले," ती म्हणाली. आणि इतक्या वर्षांनंतरही पोलीस ऐकतील म्हणून आवाज खाली आणून पुढे म्हणाली, "रविवारी स्टेशनावरून माणसे नेत. शिर्डीला, त्र्यंबकला. खासगी गाडी. कुणाला सांगायचे नव्हते. तू एम. ए. ला पुण्याला राहिलास, तो खर्च कुठून आला असे वाटते तुला?"

रविवारी अण्णा भजनाला जातात, असे आम्हांला माहीत होते. संध्याकाळी थकून येत. भजनाने माणूस इतका कसा थकतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पुढच्या शनिवारी मिस्त्रींना घेऊन कुर्ल्याला गेलो. प्रीमियरच्या ज्या कारखान्यात ही गाडी तयार झाली, तिथे आता इमारती आहेत; जुन्या मालाची दुकाने मात्र टिकून आहेत. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, त्यामुळे तिची इंजिने आता विरळ झाली आहेत. तेच १०८९ सीसीचे इंजिन, जुन्या फियाटच्या गिअरबॉक्सला आणि माउंटिंगला बसणारे. मिस्त्रींनी दोन नापास केली. एकाचे गॅसवर चालून व्हॉल्व्हचे सीट खाल्ले गेले होते, दुसऱ्याचा क्रमांक घासलेला होता. "हे फुकट दिले तरी नको, सर." तिसऱ्याचे चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आले, तेलाच्या तोंडाशी धूर नव्हता. अडतीस हजार. आर. टी. ओ.त द्यायची पावती मी दोनदा वाचून घेतली. व्हिंटेजचा विषय मी पुन्हा काढला नाही.

फीचे काय, हे सौ.ने विचारायच्या आत मी सांगून टाकले : दर रविवारी दोन शिकवण्या. ती काही बोलली नाही. फक्त घड्याळाकडे पाहून चहा टाकला.

इंजिन बसले त्या संध्याकाळी मिस्त्रींनी गाडी दारात आणली. आई ओट्यावर येऊन उभी राहिली. बराच वेळ ती ऐकत होती.

"ह्यांच्या इंजिनाचा आवाज जाड होता," ती म्हणाली, आणि चपला शोधू लागली.