महाड पंचवीस किलोमीटरवर राहिलं

9 डिसेंबर 2024 ला आम्ही चौघं दोन मोटारसायकलींवर जिंतूरहून निघालो. महाड, आंबडवे, सातारा असा बेत. दोन महिने तयारी चालली होती : निळे टी-शर्ट, झेंडे, कॅमेरा.

10 तारखेला संध्याकाळी माणगावात चहाला थांबलो आणि फोन आला. परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली होती. महाड पंचवीसेक किलोमीटरवर. "तळ्याचं दर्शन घेऊन फिरू," एक जण म्हणाला. आम्ही तिथूनच गाड्या वळवल्या.

पुणे, नगर, जालना, मंठा करत जिंतूर गाठेपर्यंत 11 ची रात्र झाली. तोवर परभणी बंदला हिंसक वळण लागून धरपकड सुरू झाली होती. पकडलेल्यांत कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होते. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्यांचा मृत्यू झाला.

परभणीला गेलेल्या पोरांच्या आया आम्हाला विचारत होत्या, "दादा, वकील कोण हाय?" आमच्या फोनात प्रवासाचे शेकडो फोटो होते, वकिलाचा नंबर एकही नव्हता. यात्रा अर्धी राहिल्याचं दुःख विरलं. ही लाज अजून जात नाही.

1927 ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन बाबासाहेब थांबले नाहीत. 1937 मध्ये उच्च न्यायालयात निकाल लागेपर्यंत तो खटला ते लढले. आम्ही तळ्याचा फोटो काढायला निघालो होतो, खटला विसरून.

मित्रांनो, महाडला आम्ही जाऊच. त्याआधी आपापल्या तालुक्यातल्या पाच वकिलांचे नंबर लिहून ठेवा. अटकेनंतर 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं बंधनकारक आहे, हे संविधानाचं कलम 22 वस्तीतल्या प्रत्येक आईला सांगा.

जय भीम!